जमिनीचा सातबारा कुठाय?

आमच्या निमगाव साव्यात बोअर घ्यायचं ठरलं की आधी जमिनीखाली बघायचा कार्यक्रम होतो. जुन्या वळणाचे लोक पाणाडी बोलावतात. तो तळहातावर नारळ नाहीतर हातात बेचक्याची काडी घेऊन रानभर फिरतो आणि एका जागी थांबून म्हणतो, इथं मारा. नव्या वळणाचे लोक मशीनवाला बोलावतात. तो जमिनीत सळया ठोकून करंट सोडतो आणि खडक कुठं सलग आहे, कुठं फुटलेला आहे याचा अंदाज देतो. पाणाड्याच्या काडीत किती शास्त्र आहे हा वाद बाजूला ठेवू. मला विचाराल तर शून्य. पण या दोघांना बोलावणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैसे जमिनीत घालायचे तर आधी खाली काय आहे ते विचारलं पाहिजे.

हाच शेतकरी कांद्याचे, उसाचे, टोमॅटोचे साठवलेले पैसे आणि पोराचं होम लोन यांची मोट बांधून मोशी, भोसरी नाहीतर वाघोलीत फ्लॅट बघायला जातो. तिथं तो कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाण्याचा टँकर लागतो का विचारतो. पोरगा पझेशनची तारीख आणि लोनचा व्याजदर विचारतो. इमारतीखाली काय आहे, हे बापलेकांपैकी कुणीच विचारत नाही. विचारलं तरी उत्तर मिळत नाही. मी एका प्रकल्पात विचारलं होतं. विक्री प्रतिनिधीनं ‘सर, आरसीसी स्ट्रक्चर आहे, अर्थक्वेक रेझिस्टंट आहे’ असं सांगितलं. मी मातीच्या तपासणीचा अहवाल मागितला. त्यानं संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर क्लबहाउसचा व्हिडिओ पाठवला.

माझं म्हणणं सरळ आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोटात काय आहे हे दाखवणारा तपशीलवार नकाशा तयार करता येतो. त्यासाठी लागणारं तंत्र जुनं झालंय आणि लागणारी बरीचशी माहिती आधीच गोळा झालेली आहे. ती फायलींमध्ये आणि कन्सल्टंटांच्या लॅपटॉपवर पडून आहे. ती जनतेची आहे आणि जनतेला मिळाली पाहिजे. जमिनीच्या मालकीचा सातबारा मोबाइलवर दिसतो, तसा तिच्या पोटाचाही दिसला पाहिजे.

‘झोन तीन’ हे उत्तर नाही

भूकंपाचा विषय काढला की पुण्यात दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘आपण झोन तीनमध्ये आहोत, काळजीचं कारण नाही.’ दुसरं, ‘आपण बसाल्टवर बसलोय, एवढा कडक दगड दुसरीकडे कुठाय?’

आधी पहिलं उत्तर बघू. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक म्हणजे आयएस १८९३. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत देशाचे चार झोन आहेत, दोन ते पाच. प्रत्येक झोनला एक गुणांक आहे. दोनला ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४ आणि पाचला ०.३६. पुणे आणि मुंबई तीनमध्ये येतात. देशाच्या पातळीवर ही विभागणी ठीक आहे. पण नकाशाच्या त्या एका रंगात मुठेचा काठ येतो, पाषाणची टेकडी येते आणि बुजवलेली दगडखाणही येते. तिन्ही ठिकाणी धक्का सारखाच बसेल असं तो रंग सांगत नाही. ते सांगणं त्याचं कामच नाही. मानकातच पुढचा प्रश्न आहे, तुमची जमीन कठीण, मध्यम की मऊ? उत्तर बदललं की इमारतीवर येणाऱ्या जोराचा हिशेब बदलतो. म्हणजे नियमानं बांधलेल्या प्रत्येक इमारतीसाठी कुणीतरी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आपल्याला दिसत नाही, एवढंच.

शिवाय हा नकाशा भूकंपाच्या मागून धावत आलेला आहे. १९६७ च्या आधी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, न हलणारं, अशीच समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारी तेव्हाही सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. जवळपास दहा हजार माणसं मेली. पुढं २००१ मध्ये भूज झालं आणि २००२ मध्ये झोन एक हा प्रकारच नकाशातून काढून टाकला. किल्लारी आता झोन तीनमध्ये आहे. पुणे ज्या झोनच्या भरवशावर निवांत आहे, तोच झोन.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टम कोसळल्यावरच मॉनिटरिंगचा आलेख सुधारायचा, असं आमच्या टीममध्ये कुणी म्हणालं तर पुढच्या मीटिंगला त्याला बोलावणार नाहीत. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण पन्नास वर्षं हेच करतोय.

बसाल्टची गोधडी

आता दुसरं उत्तर, बसाल्टचं. बसाल्ट कडक असतो हे खरं. पण भूकंप बसाल्टमध्ये सुरू होतो असं कुणी सांगितलं?

किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं भोक पाडून बघितलं. बसाल्टचा थर ३३८ मीटरवर संपला. त्याच्याखाली थोडा जुना गाळ आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन पाया लागला. भूकंपाचं मूळ त्या पायात होतं, काही किलोमीटर खोल. कोयनेला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयानं कराडला खास प्रयोगशाळा उभारून वैज्ञानिक खोदाई हाती घेतली. २०१७ पर्यंत तिथलं प्रायोगिक विवर ३ किलोमीटर खोल गेलं. बसाल्टची जाडी निघाली सुमारे सव्वा किलोमीटर. त्याखाली पुन्हा तोच प्राचीन पाया. म्हणजे आपला अभिमानाचा बसाल्ट ही जुन्या, भेगाळलेल्या पलंगावर पसरलेली गोधडी आहे. पलंगाचा पाय मोडला तर गोधडी जाड आहे याचा फार उपयोग नाही.

ही गोधडी आणखी एक अडचण करते. ती खालचं दिसू देत नाही. भूकंपलहरी वापरून जमिनीखालचं चित्र काढतात ते सोनोग्राफीसारखं. वरून लहर सोडायची, ती थरांवर आपटून किंवा वाकून परत येते ती नोंदवायची, आणि वेळेच्या हिशेबातून थर कुठं आहेत ते काढायचं. बसाल्टच्या एकावर एक पसरलेल्या थरांमध्ये लहरी विखुरतात. वरचा थर कडक आणि खालचा मऊ असेल तर साधी अपवर्तनाची पद्धत खालच्या थराला चक्क गाळून टाकते. म्हणून दख्खनच्या पोटात बघणं हे जगभरातल्या अवघड कामांपैकी एक मानलं जातं. तरीही ते केलेलं आहे. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन लांब रेषांवर सुरुंगांच्या स्फोटांच्या लहरी वापरून कवचाचा छेद काढला. मोबाइल तर सोडाच, घरोघरी लँडलाइनही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आज प्रत्येकाच्या खिशात त्वरणमापक असताना आपण विचारतोय, हे शक्य आहे का?

पुण्यापासून कोयना सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्यात उद्या किल्लारी होणार असं मी म्हणत नाही. असं तारखेसकट म्हणणारे व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आहेत आणि ते सगळे खोटं बोलतात. भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही. पण झालाच तर शहराच्या कोणत्या भागात तो जास्त जाणवेल, हे बऱ्यापैकी सांगता येतं. सांगता येणारी गोष्ट सांगायची नाही, हा आपला गुन्हा आहे.

शेवटचे तीस मीटर

भूकंपाची लहर शंभर किलोमीटरचा प्रवास खडकातून करते आणि शेवटचे दहा-वीस-तीस मीटर मातीतून. इमारत उभी राहणार की पडणार, यात या शेवटच्या मीटरांचा वाटा मोठा असतो. मऊ मातीत लहर मंदावते आणि तिची उंची वाढते. वर मातीच्या थराला स्वतःचा एक झोका असतो. इमारतीलाही असतो. दोघांचे झोके जुळले की पाळण्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखं होतं.

हिशेब सोपा आहे. थराची जाडी गुणिले चार, भागिले त्यातल्या कातर लहरीचा वेग. समजा, १५ मीटर खोल दगडखाण राडारोडा टाकून बुजवली. अशा सैल भरावात लहरीचा वेग सेकंदाला १५० मीटर धरा. उत्तर येतं ०.४ सेकंद. इमारतीचा झोका ढोबळमानानं मजल्यांच्या संख्येचा दहावा भाग सेकंद. म्हणजे चार मजल्यांची इमारत, त्या भरावावर, बरोबर जुळणीत. शेजारीच कातळावर उभी असलेली तशीच इमारत वाचू शकते. दोन्हींचा पिनकोड एक, झोन एक आणि प्रति चौरस फूट भावही एकच.

हे पुस्तकी नाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपानं जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागातल्या मध्यम उंचीच्या इमारती वेचून पाडल्या. २००१ मध्ये भूजचा केंद्रबिंदू अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून लांब होता. तरी साबरमतीच्या गाळावरच्या, खाली पार्किंगसाठी मोकळा मजला सोडलेल्या इमारती कोसळल्या. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून आजूबाजूला बघा. खाली खांबांवर पार्किंग, वर भिंतींचे डबे. मग आपल्या पायाखाली कातळ आहे, मुरूम आहे, काळी माती आहे, नदीचा गाळ आहे की भराव, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

पुण्याची जमीन एकसारखी नाही, हे पुणेकरांना खरं तर माहीत आहे. पेशवाईत आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. त्याचं जुनं पात्र आज पेठांखाली आहे. ओढा विसरला गेला, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्यानं स्वतःची आठवण करून दिली आणि वीसहून जास्त जीव घेतले. पाण्याला जुनी वाट आठवते. लहरीलाही जुना गाळ आठवेल.

घण, जिओफोन आणि हिंजवडीची ट्रॅफिक

या शेवटच्या तीस मीटरांचं चित्र काढायला रॉकेट लागत नाही. जमिनीवर एका रेषेत चोवीस जिओफोन खोचतात. जिओफोन म्हणजे जमिनीची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं मुठीएवढं यंत्र. रेषेच्या टोकाला लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारतात. घणाच्या ठोक्यातून जमिनीच्या पृष्ठभागावरून लहरी धावतात. आखूड लहरी वरच्या मातीतून जातात, लांब लहरींना खालच्या थराची चाहूल लागते. कुठली लहर किती वेगानं पोहोचली, यावरून कोणत्या खोलीवर जमीन किती ताठ आहे ते उलगडतं. एका जागेचं काम सकाळी सुरू करून जेवणाच्या आधी संपतं.

गजबजलेल्या रस्त्यावर घणाचा आवाज गोंगाटात हरवत असेल, तर गोंगाटच वापरायचा. बस, ट्रक, मेट्रो, कारखाने, सगळं शहर रात्रंदिवस जमीन हलवत असतं. दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी पडताळल्या की त्या गोंगाटातूनही दोन ठिकाणांमधल्या जमिनीचा वेग काढता येतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा मानवजातीला होऊ शकणारा हा बहुधा एकमेव उपयोग असेल.

हे गणित जुन्नरच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. आमच्या गावापासून जवळच खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. एकेक अँटेना आकाशातला गोंगाट ऐकते, तो गोंगाट ऑप्टिकल फायबरनं खोडदला येतो आणि तिथं जोड्याजोड्यांनी पडताळून त्यातून दूरच्या आकाशगंगांचं चित्र तयार होतं. जमिनीच्या गोंगाटातून जमिनीचं चित्र काढणारी पद्धत गणितानं हिची सख्खी चुलत बहीण आहे. या दुर्बिणीच्या शांततेसाठी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग हलवायची वेळ आली. त्यावरून आमच्याकडं नाराजी आहे, पण विज्ञान ऐकू यावं म्हणून सरकार रेल्वेसुद्धा वळवू शकतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. मग वर बघायला जेवढा मान आहे, त्याच्या शतांश मान खाली बघायला का नाही?

बाहेर हे केव्हाच सुरू झालंय. कॅलिफोर्नियात लाँग बीच शहरात २०११ मध्ये एका तेल सर्वेक्षणासाठी पाच हजारांहून जास्त जिओफोन पसरले होते. त्याच नोंदी वापरून कॅलटेकच्या शास्त्रज्ञांनी शहराखालून जाणाऱ्या भ्रंशाच्या आसपासची जमीन उलगडली. पुढं लॉस एंजेलिसच्या खोऱ्यासाठी लोकांनी आपल्या घरांच्या अंगणात यंत्रं पुरू दिली. स्टॅनफर्डनं २०१६ पासून विद्यापीठाखालच्या ऑप्टिकल फायबरमध्ये लेसरचे ठोके सोडून ती केबलच भूकंपमापकांच्या माळेसारखी वापरून दाखवली. फायबरच्या बाबतीत आपण तर श्रीमंत आहोत. दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणता ना कोणता रस्ता त्यासाठीच उकरलेला असतो.

कुलपातली माहिती

पण मी म्हणतो, नवी यंत्रं आणायच्या आधी जुनी कपाटं उघडा.

पुण्यात उंच इमारत उभी करायची तर जागेवर बोअर घेऊन मातीची तपासणी होते. किती मीटरवर काळी माती संपली, मुरूम कुठं लागला, कातळ किती खोल, हातोड्याचे किती ठोके लागले, याचा तक्ता बनतो. दर इमारतीला एक. उड्डाणपुलाच्या खांबांखाली बोअर. मेट्रोच्या मार्गावर बोअर. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून जाते, तिथं तर जमीन प्रत्यक्ष कापून बघितलेली आहे. नदीकाठचे प्रकल्प, सांडपाण्याचे प्लांट, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे हेच. शेजारी खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जे धरणांसाठी असली सर्वेक्षणं करतं. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचं मुख्यालय पुण्यातच. नाशिकच्या मेरीकडे धरणांभोवतीच्या भूकंपमापकांच्या नोंदी आहेत. एवढ्या संस्थांच्या अंगणात राहून आपण पायाखालच्या जमिनीबद्दल पाणाड्याइतकंही बोलू शकत नाही.

या अहवालांचं होतं काय? परवानगी मिळते, फाइल बंद होते. शेजारच्या प्लॉटवर दुसरा बिल्डर येतो आणि पन्नास फुटांवर तीच जमीन पुन्हा पहिल्यापासून शोधतो. एखाद्या प्रोग्रामरनं लायब्ररी असताना दरवेळी तोच कोड नव्यानं लिहावा, तसा हा प्रकार. आणि तांत्रिकदृष्ट्या ही माहिती किती? अक्षांश, रेखांश, खोली, थराचं नाव, ठोक्यांची संख्या. एक एक्सेल शीट. सगळ्या शहराचे तक्ते एकत्र केले तरी तुमच्या फोनमधल्या लग्नाच्या व्हिडिओंपेक्षा कमी जागा लागेल.

ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी वेबसाइटवर फुकट ठेवल्यात. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून कायदाच आहे की सरकारी यंत्रणांनी जमिनीखालची माहिती राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायची. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपात १८५ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी मातीच्या तपासण्यांचं सामायिक भांडार उभं केलं. जपाननं १९९५ च्या कोबेनंतर देशभर हजाराहून जास्त भूकंपमापक बसवले आणि त्यांच्या नोंदी जगाला खुल्या केल्या.

आणि भारतात असं होत नाही असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये खाण मंत्रालयानं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू केलं. खनिजं शोधणाऱ्या कंपन्यांना जमिनीखालची माहिती सहज मिळावी हा उद्देश. म्हणजे जमिनीखाली लिथियम आहे का हे विचारणाऱ्यासाठी पोर्टल आहे. जमिनीवर माझी आई झोपणार आहे, ती टिकेल का, हे विचारणाऱ्यासाठी नाही. केंद्रानं काही शहरांचं भूकंपीय सूक्ष्म विभाजनही केलंय. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, जबलपूर, बंगळूरू यांचं झालं. पुढं चेन्नई, कोइम्बतूर, भुवनेश्वर, मंगळूरू आली. पाटणा, लखनौ, कानपूर, वाराणसी अशी नावंही आली. या नावांत पुणे नाही. महाराष्ट्रातलं एकही शहर नाही. ज्या राज्यानं कोयना आणि किल्लारी दोन्ही पाहिल्या, त्याच्या एकाही आमदारानं यावर सभागृह डोक्यावर घेतल्याचं मला आठवत नाही.

‘लोक घाबरतील’

हे बोललं की तीन आक्षेप येतात.

पहिला, लोक घाबरतील. घाबरवतं ते अर्धवट ऐकलेलं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा माणसं थंडीत घराबाहेर झोपली. त्यांना घरं सोडायला लावणारी भीती कुठल्या नकाशातून आलेली नव्हती. आपल्या पायाखाली काय चाललंय हे कळत नव्हतं, म्हणून ती होती. आमच्या जुन्नरमध्ये बिबट्या फिरतो. बिबट्या कुठं दिसला हे वनखात्यानं लपवलं तर आमची भीती कमी होईल का? उलट सांगितलं की आम्ही पोरांना उसाच्या कडेनं एकटं सोडत नाही.

दुसरा, जागांचे भाव पडतील. पडू देत. भरावावरची जागा कातळावरच्या भावात विकली जात असेल, तर तिथं भाव पडणं हा न्याय आहे. आणि खरं तर मऊ जमीन म्हणजे टाकाऊ जमीन नव्हे. पाया वेगळा घ्यावा लागतो, लोखंड वेगळं लागतं, तळमजला मोकळा सोडता येत नाही. त्याचा खर्च येतो. माहिती दडवली की तो खर्च बिल्डरचा वाचतो आणि धोका घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. गावाकडं एखाद्यानं विहिरीचं पाणी खारं आहे हे लपवून शेत विकलं तर चावडीवर त्याचं नाव निघतं. शहरात त्याचं नाव होर्डिंगवर असतं.

तिसरा आक्षेप जरा शहाणा आहे. पुणे म्हणजे मेक्सिको सिटी नव्हे, इथं बहुतेक ठिकाणी कातळ वरच आहे. मान्य. नकाशा बनवला तर शहराचा मोठा भाग कदाचित निर्धोक निघेल. मग तर तो बनवायलाच हवा. चांगली बातमी कपाटात ठेवून कुणाचं भलं होतंय? आणि ज्या थोड्या जागा वाईट निघतील तिथल्या शाळा, दवाखाने, जुन्या सोसायट्या आधी मजबूत करता येतील. सगळं शहर मजबूत करायला पैसे नाहीत, म्हणूनच कुठून सुरुवात करायची हे कळायला हवं.

‘फोनवर अलर्ट येतो की’ असंही कुणी म्हणेल. २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर भारतातही भूकंपाचा इशारा येतो, चांगली सोय आहे. कोयनेला मोठा धक्का बसला तर त्याची जोरकस लाट पुण्यात यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागेल. इशारा त्यातल्या काही सेकंदांचा. अकराव्या मजल्यावरून तेवढ्यात टेबलाखाली जाता येतं, इमारत बदलता येत नाही.

मागणी

माळीण आंबेगाव तालुक्यात आहे, आमच्या शेजारच्या. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गाडली गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं. तो भूकंप नव्हता, दरड होती. पण धडा तोच होता. नऊ वर्षांनी इर्शाळवाडी झाली. जमिनीचा स्वभाव तिच्यावर राहणाऱ्यांना सांगायची व्यवस्था त्या नऊ वर्षांत उभी राहिली नाही. डोंगरातल्या लोकांना आपण ‘धोकादायक जागी राहतात’ म्हणून नावं ठेवतो. शहरातली जागा धोकादायक आहे की नाही, हे तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे?

म्हणून मागणी ही. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक बोअरची नोंद, मेट्रोपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, खुली करा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मागण्याची वाट न बघता माहिती जाहीर करायला सांगतं, त्याची इथं अंमलबजावणी करा. बांधकाम परवानगीसाठी आलेला मातीचा अहवाल ठराविक फॉरमॅटमध्येच स्वीकारा आणि तो महारेराच्या प्रकल्पाच्या पानावर, किमतीइतकाच ठळक, दिसू द्या. जिथं बोअर नाहीत तिथं पुण्यातल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या कॉलेजांना घण आणि जिओफोन देऊन पाठवा. मी इंजिनिअरिंग केलंय, फायनल इयरचे प्रोजेक्ट कुठून विकत मिळतात हे मला माहीत आहे. त्यापेक्षा ही पोरं आपापल्या वॉर्डची जमीन मोजतील तर निदान काहीतरी खरं मोजतील. खडकवासल्याच्या आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते तपासावं, दुरुस्त करावं आणि नकाशा दरवर्षी नव्यानं प्रसिद्ध करावा. नकाशा दाखवायची वेबसाइट बनवायला माझ्यासारखे पुण्यात हजारो बसलेत. त्यासाठी टेंडरसुद्धा काढायला नको.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय आणि ज्यांच्या घरात या वर्षी-पुढच्या वर्षी फ्लॅट घ्यायची बोलणी चालू आहेत, एक करा. साइटवर गेल्यावर सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी मातीच्या तपासणीचा अहवाल मागा. बोअर किती, किती खोल, कातळ कितव्या मीटरला, आणि मानकाप्रमाणे जमीन कठीण, मध्यम की मऊ धरली, एवढे चार प्रश्न लेखी विचारा. आधीच राहत असाल तर सोसायटीच्या सभेत विचारा. एकट्यानं विचारलं तर क्लबहाउसचा व्हिडिओ येईल. शंभर जणांनी विचारलं तर अहवाल येईल.